वेळखाऊ दार

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचा पहिला रोगी सापडला आणि पुढच्या काही महिन्यांत मुंबई रिकामी होत गेली. साडेआठ लाख वस्तीच्या शहरातून १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत पावणेचार लाखांच्या वर माणसं कोकणात, देशावर, गुजरातेत निघून गेली, असा अंदाज आहे. मागे राहिली ती कुलूपबंद बिऱ्हाडं. त्याच सुमारास शहरात घरफोड्या वाढल्याची आणि पोलीस आयुक्तांनी लोकांना आपापली घरं नीट बंद करायला बजावल्याची बातमी आर्देशर गोदरेज यांच्या वाचनात आली, असं सांगतात. रिकामी घरं आणि वाढत्या घरफोड्या यांचा संबंध माझ्या मते उघड आहे. आर्देशर तेव्हा वकिली सोडून, शस्त्रक्रियेची हत्यारं बनवण्याच्या धंद्यात हात पोळून बसले होते. मेरवानजी कामा यांच्याकडून पैसे कर्जाऊ घेऊन त्यांनी ७ मे १८९७ रोजी लालबागला, गॅस कंपनीजवळच्या एका लहानशा शेडमध्ये कुलपांचा कारखाना सुरू केला. पुढे तिजोऱ्या आल्या, कपाटं आली. पण सुरुवात झाली ती कुलपानं, आणि तीही गिरगावातून चालत जाता येईल अशा अंतरावर.

त्या बातमीतला एक भाग मला आजही महत्त्वाचा वाटतो. पोलिसांचा प्रमुखच लोकांना सांगतो आहे की दाराचं तुम्ही बघा. पोलीस प्रत्येक दारापाशी वेळेवर पोहोचणार नाहीत, हे मुंबईला सव्वाशे वर्षांपूर्वीच सांगून झालं होतं. आपण ते ऐकून सोडून दिलं.

आता गिरगावातल्या फणसवाडीत या. ठाकूरद्वार आणि काळबादेवी यांच्या मधली ही वाडी. बालाजीचं देऊळ, खाली दुकानं-गोदामं, वर बिऱ्हाडं, लाकडी जिने, अरुंद बोळ. क्रॉफर्ड मार्केटसमोरचं पोलीस आयुक्तालय इथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तरी रात्री फोन केला तर गाडी बोळाच्या तोंडाशी थांबते, पोलीस उतरतात, इमारत विचारतात, अंधाऱ्या जिन्यानं तिसरा मजला गाठतात. बीट मार्शलची मोटारसायकल लवकर येते, पण तीही दुसऱ्या तक्रारीवर गेलेली असू शकते. अनंत चतुर्दशीला तर सारा बंदोबस्त चौपाटीकडे लागलेला असतो, रस्ते बंद असतात आणि निम्मी वाडी मिरवणूक बघायला बाहेर असते. पोलीस उशिरा येतात ही तक्रार खरी आहे. तिच्यामागची अडचणही खरी आहे. म्हणून या प्रकरणात पोलिसांना दोष देत बसण्यापेक्षा त्या उशिराचा हिशेब मांडायचा आहे.

हा उशीर तीन तुकड्यांचा असतो. घर फोडलं जातंय हे कोणाच्या तरी लक्षात यायला लागणारा वेळ पहिला. लक्षात आल्यावर फोन करेपर्यंतचा वेळ दुसरा. फोन केल्यापासून पोलीस येईपर्यंतचा तिसरा. आपण बोलतो ते नेहमी तिसऱ्याबद्दल. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या पोलीस खात्यानं १९७० च्या दशकात हे तिन्ही तुकडे मोजून पाहिले. त्यांना आढळलं की बहुतेक गंभीर गुन्हे घडून गेल्यावरच उघडकीला येतात, आणि जे घडताना दिसतात त्यांतही लोक आधी घरच्यांना, शेजाऱ्याला विचारत बसतात व मग पोलिसांना कळवतात. गाडी कितीही वेगानं पळवली तरी हा गेलेला वेळ भरून निघत नव्हता. गावाला गेलेल्या माणसाचं घर मंगळवारी रात्री फुटलं आणि रविवारी तो परतल्यावर ते कळलं, तर पोलीस पाच मिनिटांत आले काय आणि पन्नास मिनिटांत आले काय!

मग आपल्या हातात काय उरतं? पहिले दोन तुकडे कमी करणं, आणि चोराला दारातच जास्त वेळ अडकवून ठेवणं. कुलपाचं काम चोराला कायमचं रोखण्याचं नाहीच. त्याचा वेळ खाण्याचं आहे.

कुलपं बनवणाऱ्यांना हे फार पूर्वी कळलेलं आहे. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात आल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकी कारागीर आला आणि इंग्लंडची दोन अजिंक्य समजली जाणारी कुलपं त्यानं किल्लीशिवाय उघडून दाखवली. चब कंपनीच्या कुलपाला त्याला पंचवीस मिनिटं लागली. ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकीत वर्षानुवर्षं आव्हान म्हणून टांगलेल्या कुलपाला एकूण एक्कावन्न तास लागले, तेही सोळा दिवसांत विभागून. दोन्ही कुलपं हरली खरी. पण ज्या घरात चोराला पंचवीस मिनिटं मिळणं शक्य आहे आणि एक्कावन्न तास मिळणं अशक्य आहे, त्या घराच्या दृष्टीनं या दोन हरण्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आज युरोपात दारांची प्रतच मिनिटांत ठरवतात. त्या-त्या वर्गाला ठरवून दिलेली हत्यारं घेऊन तयारीच्या माणसानं हल्ला केला तर दुसऱ्या वर्गाचं दार तीन मिनिटं आणि तिसऱ्या वर्गाचं पाच मिनिटं टिकलं पाहिजे. अमेरिकेत तिजोऱ्यांवर पंधरा किंवा तीस मिनिटांचा शिक्का असतो. तीन मिनिटं ऐकायला थोडी वाटतात. पण रात्री दोन वाजता गॅलरीत पहार लावून तीन मिनिटं आवाज करत उभं राहायला कोणता चोर तयार होईल?

आता आपल्या दाराकडे येऊ. मराठी वर्तमानपत्रांतली घरफोडीची बातमी वर्षानुवर्षं एकाच शब्दांनी सुरू होते: बंद घराचा कडी-कोयंडा तोडून. किल्ली बनवून किंवा तारेनं कुलूप खोलून असं क्वचितच असतं, कारण चोराला कुलपाशी झगडायची गरजच पडत नाही. आपण दुकानात जाऊन सात लिव्हरचं, पितळी, हातात जड लागणारं कुलूप घेतो आणि ते अडकवतो कशात? साठ वर्षांपूर्वी ठोकलेल्या, चार आखूड स्क्रूंवर तग धरलेल्या, पातळ पत्र्याच्या कोयंड्यात. पहारेचं टोक मागे घालून एक हिसका दिला की कोयंडा स्क्रूंसकट बाहेर येतो आणि कुलूप त्याला जसंच्या तसं लटकत राहतं. पंचनाम्यात तुटलेल्या कोयंड्याबरोबर धडधाकट कुलूप जप्त होतं ते यामुळे.

म्हणून कुलपावर हजार रुपये घालण्याआधी सुताराला बोलवा. जाड लोखंडी पट्टीचा कोयंडा घ्या आणि तो स्क्रूंवर न बसवता दाराच्या आरपार जाणाऱ्या बोल्टनं बसवा. बोल्टचं गोल, सपाट डोकं बाहेर राहील आणि नट-वायसर घराच्या आत. बाहेरून पान्याला धरायला काही उरत नाही. कडी लावल्यावर पट्टीनं बोल्टची डोकी झाकली गेली तर आणखी उत्तम. चौकटीकडच्या बाजूला तीन इंची स्क्रू वापरा. जुन्या चाळींची एक जमेची बाजू अशी की चौकटी बहुधा सागवानी आहेत. वाळवी लागली नसेल तर त्या लाकडात लांब स्क्रू असा बसतो की नव्या इमारतीतल्या पोकळ फ्लश दारात बसायचा नाही. टॉवरमध्ये राहायला गेलेल्यांनी हे ध्यानात घ्यावं: तिथे कुलूप भारी असतं, दार मात्र बाहेरून लाकडासारखं दिसणारं आणि आतून पोकळ.

चाळीच्या दाराला दोन झडपा असतात, ही आणखी एक गोष्ट. रोजची झडप आपण वापरतो, दुसरी वर-खाली खिट्टीनं बंद असते. वरची खिट्टी कोणी लावतच नाही, खालची उंबरठ्याच्या झिजलेल्या भोकात सैल बसते. दोन्ही झडपांवर एकदम खांदा दिला की मधूनच दार फाकतं. आतून आडवा अडसर ही यावरची जुनी आणि अजूनही सर्वांत चांगली तोड आहे. भिंतीत दोन्ही बाजूंना खोल गाडलेल्या लोखंडी कड्यांत बसणारा चांगला दणकट दांडा. कोकणातल्या घरांत तो होता, पहिल्या पिढीच्या चाळकऱ्यांनीही बसवला होता. मग टीव्ही-फ्रिज आला, दार रुंद उघडावं लागलं आणि अडसराच्या कड्या कापल्या गेल्या. पुन्हा बसवा. अर्थात अडसर घरात माणूस असतानाच चालतो. बाहेर पडताना बाहेरून लटकणारं कुलूप ‘आत कोणी नाही’ असं ओरडून सांगतं. दाराच्या जाडीत बसणारं किंवा आतल्या बाजूला बसणारं, बाहेर फक्त किल्लीचं भोक दाखवणारं कुलूप हे सांगत नाही. एवढ्याच कारणासाठी मी ते लटकत्या कुलपाच्या वरचं मानतो. त्यापुढे लोखंडी जाळीचं सेफ्टी डोअर असेल तर चोराला दोन दारं लागतात, आणि लोखंडाचा आवाज लाकडापेक्षा दूर जातो.

दाराखेरीज आणखी कुठून शिरता येतं, हे पाहायला एक अनपेक्षित पुस्तक उपयोगी पडतं. १८६० चा भारतीय दंड संहितेचा कायदा. त्यात घरफोडीच्या सहा वाटा मोजून दिल्या होत्या, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३३० व्या कलमात त्या जवळजवळ तशाच आल्या आहेत. चोरानं स्वतः पाडलेल्या वाटेनं शिरणं. माणसाच्या येण्याजाण्यासाठी नसलेल्या वाटेनं किंवा भिंत चढून शिरणं. घरमालकाच्या मनात नव्हतं अशा रीतीनं वाट उघडून शिरणं. कुलूप उघडून. दमदाटी किंवा मारहाण करून. आणि बंद केलेली वाट खोलून. जुन्या कायद्यात प्रत्येकाची उदाहरणं होती आणि ती फणसवाडीत बसून लिहिल्यासारखी वाटतात. दाराच्या भोकातून तार घालून कडी उचलणारा माणूस त्यात आहे. हरवलेली किल्ली सापडली म्हणून तिनं दार उघडणारा आहे. भिंतीला भोक पाडून नुसता हात आत घालणाराही आहे.

ही सहा वाटांची यादी हातात धरून आपल्या खोलीभोवती एकदा फिरा. दारावरचा झरोका बघा. हवेसाठी ठेवलेल्या त्या जागेत लाकडी पट्ट्या असतील तर त्या हातानं निघतात का? आतली कडी झरोक्यातून किंवा शेजारच्या खिडकीतून हात घालून निघते का? निघत असेल तर कडी खाली सरकवा, नाहीतर तिला आतून कुलूप घाला. वरच्या मजल्यावर मंगलोरी कौलं असतील तर पोटमाळ्यावर चढा. कौल आतून सरकतं तसं बाहेरूनही सरकतं. खाली फळ्यांचं किंवा जाळीचं छत ठोकून घेणं हाच त्यावरचा उपाय. मागच्या बाजूचे सांडपाण्याचे पाईप न्हाणीच्या खिडकीजवळून जातात का? आणि किल्ल्या. पगडीच्या घरात पन्नास वर्षांत किल्ल्या किती हातांतून गेल्या, कोणत्या पोटभाडेकरूनं कोणती परत दिली नाही, हे कोणालाच आठवत नसतं. असं घर ताब्यात घेतलं तर पहिल्याच दिवशी कुलूप बदलावं.

पगडीच्या भाडेकरूला इथे एक शंका येते: दार बदललं, जाळी लावली, तर मालक घर खाली करायला लावेल का? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या १६ व्या कलमात लेखी परवानगीशिवाय कायमचं बांधकाम करणं हे घर खाली करून घेण्याचं एक कारण आहे, पण त्याच कलमात दार आणि जाळीकाम हे कायमच्या बांधकामात धरायचं नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. जिथे महापालिकेची परवानगी लागते तिथे ती घ्यावी लागते, इतकंच. भीतीपोटी मोडकं दार तसंच ठेवण्याचं कारण नाही.

खिडक्यांच्या ग्रिलबाबत मात्र मी फार सावध आहे. ग्रिल चोराला बाहेर ठेवतं आणि आग लागली तर माणसाला आत. डिसेंबर २०२३ मध्ये गिरगाव चौपाटीजवळच्या गोमती भवन या जुन्या इमारतीला आग लागली आणि वृद्ध आई व तिचा मुलगा असे दोघे त्यात गेले. लाकडी जिन्याच्या इमारतीत आग जिन्यानंच वर येते, आणि मग खिडकी किंवा गॅलरी ही एकच वाट उरते. म्हणून प्रत्येक खोलीत निदान एका ग्रिलला आतून उघडणारं दार हवं. त्याचं कुलूप आतच असावं आणि किल्ली त्याच भिंतीवर, खिडकीबाहेरून हात न पोहोचेल अशा अंतरावर, अंधारात चाचपडून सापडेल अशी टांगलेली असावी. सगळ्या खिडक्या वेल्डिंगनं कायमच्या बंद करणारा कारागीर तुमचं भलं करत नाही. आतल्या अडसरालाही हाच नियम: घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला तो एका हातानं काढता आला पाहिजे.

इतकं करून दार चार-पाच मिनिटं टिकलं. त्या मिनिटांत कोणी ऐकलंच नाही तर? चाळ इथे सरस होती आणि जिथे शिल्लक आहे तिथे अजून आहे. एका गॅलरीवर दहा-बारा दारं, समोर तशीच दुसरी गॅलरी उघडी, नळाला पाणी पहाटे, कोणाची रात्रपाळी, कोणाचा अभ्यास. अनोळखी माणूस जिना चढला की “कोण पाहिजे?” हा प्रश्न त्याच्या पावलाआधी वर पोहोचायचा. प्रश्नाचा स्वर कधीकधी आगाऊ असायचा, नवख्या पाहुण्याला तो आवडायचा नाही. पण आजवर कोणी विकलेल्या कोणत्याही यंत्रापेक्षा तो प्रश्न चोराला जास्त नकोसा होता. आता अनेक खोल्यांत दुकानांचा माल भरलेला आहे, मुलं बोरिवली-विरारला गेली, म्हातारी माणसं दार लावून टीव्ही ऐकतात. जिथे पुनर्विकास झाला तिथे गॅलरी जाऊन लिफ्ट आली आणि समोरच्या दारामागे कोण राहतं हे नावाच्या पाटीवरून कळतं.

चाळीचं ते लक्ष पुन्हा मुद्दाम उभं करता येतं, आणि त्यासाठी सगळी इमारत जागी करावी लागत नाही. इंग्लंडमध्ये रॉचडेलजवळ कर्कहोल्ट नावाची एक कामगार वसाहत आहे. तिथे घरफोड्यांचा सुळसुळाट होता. १९८० च्या दशकाच्या मध्यात पोलीस, संशोधक आणि रहिवासी यांनी मिळून अभ्यास केला, तेव्हा दिसलं की चोर पुन्हा पुन्हा त्याच घरांत येतात. एकदा फुटलेलं घर पुन्हा फुटण्याचा धोका इतर घरांच्या कितीतरी पट होता. मग त्यांनी फुटलेल्या घराच्या आजूबाजूची फक्त सहा-सात घरं गाठली. त्यांना सांगितलं, या एका दारावर लक्ष ठेवा. दारं-खिडक्या लगेच दुरुस्त करून दिल्या. नाण्यांवर चालणारे मीटर, ज्यांतली रोकड चोरांना हवी असायची, ते काढले. तीन वर्षांत घरफोड्या जवळजवळ पाऊणपट कमी झाल्या. आणि चोरांनी बाजूच्या वसाहतींकडे मोर्चा वळवल्याचंही दिसलं नाही.

सहा घरं म्हणजे आपल्या गॅलरीची एक बाजू. मे महिन्यात किंवा गणपतीला गावी निघताना त्या सहांपैकी दोघांना स्पष्ट सांगून जावं. “काकू, आम्ही शुक्रवारी निघतोय, पुढच्या रविवारी येऊ, एक किल्ली तुमच्याकडे ठेवा, संध्याकाळी दिवा लावा,” एवढं वाक्य पुरतं. दारात पेपर-दूध साठू देऊ नये. काकूंकडे आपला फोन नंबर असावा आणि आवाज आला तर आधी आम्हाला विचारू नका, सरळ ११२ फिरवा, ही परवानगी त्यांना आधीच दिलेली असावी. कॅन्सस सिटीत वाया गेलेली ती मधली मिनिटं या एका परवानगीनं वाचतात. दाराच्या झडपेवर आणि चौकटीवर बसणारं दोन तुकड्यांचं चुंबकी भोंगायंत्र स्वस्त मिळतं. दार उघडलं की किंचाळतं. स्वतंत्र बंगल्यात ते फुकट ओरडेल, पण गॅलरीत त्या आवाजानं दहा दारं उघडतात.

इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र भिस्त ठेवू नका. रात्री दोन वाजता मेसेज कोणी वाचत नाही, फोन वाजला तर उठतात. ग्रामीण महाराष्ट्रानं हा धडा आपल्या आधी गिरवला आहे. पोलीस ठाणं वीस-तीस किलोमीटरवर असलेल्या गावांसाठी नाशिक, पुणे, नगर अशा जिल्ह्यांत ग्राम सुरक्षा यंत्रणा सुरू झाली. अडचणीतल्या माणसानं एक टोल-फ्री नंबर फिरवून बोलायचं आणि त्याचा आवाज एकाच वेळी गावातल्या नोंदवलेल्या सगळ्या फोनवर कॉल म्हणून जायचा. दरोडेखोर आले, बिबट्या दिसला, पूर आला, सगळ्यासाठी तेच. पोलीस यायच्या आत गाव उठतं. गिरगावात असं काही उभं करायचं तर आपल्याकडे गणेश मंडळं आहेत. मंडपात रात्र-रात्र जागणारे, एकमेकांचे फोन तोंडपाठ असणारे कार्यकर्ते दहा दिवस जे करतात, त्यातली फक्त फोनची साखळी वर्षभर चालू ठेवायची. फणसवाडीत हे होऊ शकतं, याबद्दल मला मुळीच शंका नाही.

सीसीटीव्हीबद्दल थोडक्यात. तो चोराला अडवत नाही, पुढे ओळखायला उपयोगी पडतो. तेही तो जिन्याच्या तोंडाशी, चेहऱ्याच्या उंचीजवळ आणि उजेडात असेल तर. छताला लावलेला कॅमेरा टोपी टिपतो.

आता खरी सवय, जिच्याबद्दल बोलायला लोकांना अवघड वाटतं. वाडीत घरफोडीपेक्षा जास्त होते ती उघड्या दाराची चोरी. पहाटे पाणी भरायला, गॅलरीच्या टोकाच्या संडासाला गेलं, दार लोटलं, परत येईपर्यंत चार्जिंगला लावलेला मोबाईल नाही. उन्हाळ्यात दार उघडं टाकून झोपलं, उशाची पर्स नाही. दार उघडंच होतं म्हटल्यावर कायद्यात ही सहसा घरफोडी ठरत नाही, राहत्या घरातली चोरी ठरते. विमा असेल तर त्याचे पैसेही बहुधा मिळत नाहीत, कारण घरफोडीच्या अनेक पॉलिसींना जबरदस्तीनं शिरल्याची खूण लागते. हवा हवी आणि दारही बंद हवं, तर जाळीचं दार हाच एक मार्ग आहे, आणि दोन मिनिटांसाठीही त्याची कडी लावायची.

सोनं घरात ठेवू नये, हे सगळ्यांना माहीत असतं. बँकेच्या लॉकरचं काय खरं, असा प्रश्न मग येतो. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेच्या हलगर्जीनं झालेली चोरी, आग, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांत लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत बँकेची जबाबदारी आहे. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. सोन्याच्या आजच्या भावात ही रक्कम पुरेशी नाही, त्यामुळे मोठ्या ऐवजाचा वेगळा विमा काढावा. पण कपाटातल्या साड्यांखाली ठेवण्यापेक्षा लॉकर केव्हाही बरा. साड्यांखाली चोर सर्वांत आधी बघतो.

आणि चोर घरात असतानाच गाठ पडली तर? सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी घर फोडणाऱ्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क कायदा बराच विस्तृत देतो. भारतीय न्याय संहितेच्या ४१ व्या कलमात तो आहे. पण ३७ वं कलम दोन अटी घालतं. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. पोलीस लांब आहेत म्हणून पकडलेल्या माणसाला खांबाला बांधून मारणं या हक्कात बसत नाही. त्यात माणूस मेला तर मारणारे आरोपी होतात. चोराला पकडून ठेवण्याचा अधिकार सामान्य नागरिकाला आहे, मात्र सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. माझं स्वतःचं मत विचाराल तर खोलीत शिरलेल्या माणसाशी झटापट करू नये. त्याला पळायला वाट ठेवावी आणि गॅलरीत येऊन जिवाच्या आकांतानं ओरडावं. कपाटातलं काही गेलं तर ते पुन्हा घेता येईल.

गावाहून परतल्यावर कोयंडा तुटलेला दिसला तर आत पाऊल टाकू नका. चोर अजून आत असू शकतो. गॅलरीतूनच ११२ ला फोन करा. हद्दीचा घोळ घालू नका. लोकमान्य टिळक मार्ग, व्ही. पी. रोड, डी. बी. मार्ग अशा ठाण्यांच्या हद्दी या भागात एकमेकींना लागून आहेत आणि कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवता येतो. तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गानंही पाठवता येते, मात्र तीन दिवसांत ठाण्यात जाऊन तिच्यावर सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती मागून घ्या. बोटांचे ठसे घेऊन होईपर्यंत कपाट, दाराचं हँडल, पडलेले डबे कशालाच हात लावू नका, केर तर मुळीच काढू नका. दागिन्यांचे फोटो, पावत्या, मोबाईलचा आयएमईआय क्रमांक आधीच कुठेतरी घराबाहेर ठेवलेले असले तर यादी नीट देता येते, आणि मुद्देमाल सापडल्यावर कोर्टातून तो आपला म्हणून सोडवून घेणंही सोपं जातं.

पंचनामा संपेपर्यंत बहुधा रात्र झालेली असते आणि माणूस थकून गेलेला असतो. सुतार उद्या बघू, असं वाटतं. तो उद्यावर टाकू नका. कर्कहोल्टमध्ये दिसलं तेच इथे लागू आहे: ज्याला आतली मांडणी कळली आणि दार किती कच्चं आहे हे कळलं, तो परत येऊ शकतो. त्याच रात्री सुताराला बोलवा, आरपार बोल्ट घालून नवा कोयंडा बसवा, आणि शेजारच्या सहा घरांना सांगा की पुढचे दोन-तीन महिने या दाराकडे जरा जास्त लक्ष असू द्या.